तीनशे राजे गेले कुठं

"सर, मंग ते तीनशे राजे गेले कुठं?"

हा आवाज वामनरावांच्या कानावर पडला त्याला आता छत्तीस वर्षं झाली, पण तो आवाज काही कानातून उतरला नव्हता. इयत्ता दहावी, पत्र्याची खोली, फळ्यावर खडूनं काढलेली जर्मनी. ती जर्मनी ताटात सांडलेल्या वरणासारखी दिसत होती आणि चहूबाजूंनी पसरत चालली होती. मुलींच्या रांगेत तिसऱ्या बाकावरून नारायणराव पाटलांची झुंबर उभी राहिली होती, दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. चेहऱ्यावर टवाळकीचं नाव नाही. तिला खरंच काळजी पडली होती की जर्मनीतले एवढे राजे एकदम गेले तर त्यांच्या जेवणाखाणाचं काय झालं.

टवाळकी करणारे मागच्या बाकावर होते. सरांची जीभ नुकतीच 'वुर्टेंबर्ग' या राज्याच्या आडमुठ्या नावात अडकली होती. "वुर्... वुर्टें..." सर म्हणाले, आणि कय्यूमनं मागून बैल हाकल्यासारखं "वुर्र, वुर्र, हाऽ" केलं. सगळा वर्ग फुटला. त्या हशातच झुंबरचा तो प्रश्न आला. उत्तर सरांना ठाऊक नव्हतं. धडा त्यांनी आदल्या दिवशी उघडला होता आणि नावं बघून मिटला होता.

वामनराव तेव्हा छत्तीस वर्षांचे, मिशी काळी, इस्त्रीची घडी कडक. त्यांनी पुस्तक फटकन मिटलं. "हा धडा बोर्डानं वगळला आहे. परिपत्रक आलं आहे. बस खाली."

परिपत्रक कसलंच आलं नव्हतं.

मार्चमध्ये पेपरात प्रश्न आला: क्रांती आणि परकी स्वारी यांमुळे जर्मन राज्यांत कोणते बदल झाले? गुण दहा. ज्यांचा सरांवर विश्वास नव्हता त्यांनी गाइड वाचलं होतं. कय्यूमचा तर कोणावरच विश्वास नव्हता, त्यानं उत्तर मोज्यात आणलं होतं. झुंबरचा सरांवर विश्वास होता. तिनं ती जागा कोरी सोडली आणि चार मार्कांनी तिचा इतिहास गेला.

एवढ्यावर भागलं असतं तर वामनराव एव्हाना विसरले असते. पण जूनमध्ये नारायणराव टोपी हातात घेऊन त्यांच्या दारात आले. "सर, पोरीले ऑक्टोबरले पुन्यांदा बसवू का? तुमी म्हणसान तसं." तेव्हा खरं बोलायला दोन वाक्यं पुरली असती. वामनराव म्हणाले, "पोर अभ्यासात कच्ची आहे हो. कशाला उगाच." मान हलवून नारायणराव निघून गेले. दिवाळीनंतर झुंबरचं लग्न लागलं, वरच्या गल्लीतून खालच्या गल्लीत. गावात आणखी एक झुंबर होती, म्हणून ओळखायला सोपं जावं या निव्वळ सोयीसाठी हिला लोक 'नापास झुंबर' म्हणू लागले.

टेकखेड काही फार मोठं गाव नाही. धाडच्या बाजारापासून जीपनं वीस मिनिटं. खालच्या गल्लीतली बाई वरच्या गल्लीतल्या मास्तरला रोज दिसणारच. छत्तीस वर्षं ती दिसली, आणि प्रत्येक वेळी पदर सावरून म्हणाली, "नमस्कार, सर." शिवी दिली असती तर वामनरावांना बरं वाटलं असतं.

*

यंदा भाद्रपदाच्या पुनवेला घरोघरी भुलाबाई, म्हणजे पोरीबाळींच्या महिनाभराच्या गाण्यांची मातीची पार्वती, बसल्या, आणि त्याच आठवड्यात राजकुमार वामनरावांच्या ओसरीवर येऊन बसला. राजकुमार त्याच बॅचचा. धाडला त्याचं कृषी केंद्र आहे, खताच्या पोत्यावर बसून बसून त्याला अध्यक्षपणाची सवय लागली आहे. माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा घ्यायचा असं त्याच्या डोक्यात होतं. त्यानं मोबाईलवर बॅनर दाखवला. मधोमध वामनरावांचा चेहरा, आणि टकलामागून उगवणारा सूर्य.

"सूर्य जरा कमी कर," वामनराव म्हणाले.

"सर, सूर्य त्या डिझाईनमधेच हाये. तो निघत नाही."

तेवढ्यात झुंबरबाई टिपऱ्या घेऊन आली. संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणायला वामनरावांच्या बायकोला, पुष्पाबाईंना, बोलवायचं होतं. गावात झुंबरबाईइतकी गाणी कोणाला येत नव्हती, आणि जिथं गाणं आठवत नसे तिथं ती चालू टिपरीवर नवं रचत असे. तिनं मोबाईलमध्ये डोकावलं, नावांची यादी वाचली.

"राजकुमार, माहं नाव नाही का रे याच्यात?"

राजकुमारनं खोकला काढला. "झुंबर, बॅच म्हंजे कशी, पास झालेली बॅच. तू पाव्हणी म्हणून ये ना. जेवण हाये."

"जेवण माह्या घरी हाये."

"राग नको धरू. नियम हाये तसा."

"कोणाचा नियम?"

"ग्रुपच्या अ‍ॅडमिनचा."

"अन् अ‍ॅडमिन कोण?"

"मी," राजकुमार म्हणाला आणि बॅनरमधल्या सूर्याकडे बघू लागला.

झुंबरबाई हसली. मग टिपऱ्या काखेत धरून वामनरावांकडे वळली. "सर, तो जर्मनीचा धडा शिकवा मले. ज्या दहा मार्कांपायी मी घरी बसली, त्याचं भुलाबाईचं गाणं करतो अन् तुमच्या मेळाव्यात म्हणतो. मंग सांगा म्हणा अ‍ॅडमिनले, मी बॅचमधली हाये का नाही ते."

"पण तो धडा तर बोर्डानं वगळला होता," राजकुमार म्हणाला. "तरी पेपरात आला. बोर्डाचाच घोळ. सरांचा काय दोष त्याच्यात?"

सगळे वामनरावांकडे बघू लागले. पुष्पाबाईही स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. वामनरावांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला.

"बोर्डाचं काय सांगावं," ते म्हणाले. "उद्यापासून ये."

*

दुसऱ्या दिवशी वामनराव एसटीनं बुलडाण्याला गेले आणि वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी तो धडा पहिल्यांदा वाचला. नावांसाठी कय्यूमला बोलावलं. तोच तो मागच्या बाकावरचा कय्यूम, आता मंडप आणि लाउडस्पीकरवाला. त्याच्या मोबाईलमधली बाई कोणतंही नाव उच्चारून दाखवत असे. ती म्हणायची, "व्युर्टेंबेर्ग." वामनराव म्हणायचे, "व्युर्टें..." कय्यूम तोंडात रुमाल कोंबायचा.

आतून पुष्पाबाई ओरडल्या, "गुळण्या करून राह्यले का? मीठ टाकून देऊ?"

झुंबरबाई रोज दुपारी यायची. हातात झाकणाचा स्टीलचा डबा. भुलाबाईचा नियमच आहे तसा: गाणी झाली की खाऊचा डबा पुढं येतो, पण बंद. हलवून बघा, कान लावा, गोड की खारट विचारा. ओळखल्याशिवाय झाकण निघत नाही. सरांची फी म्हणून तिनं हाच नियम त्यांना लावला.

"ओळखा."

वामनरावांनी डबा हलवला. "शेव."

"शेव असा आवाज करते का, सर?"

"फुटाणे. चिवडा. शंकरपाळे."

"हरले. रेवड्या हायेत. आता शिकवा."

वामनरावांनी शिकवायला घेतलं. जर्मनी नावाचा देश तेव्हा नव्हताच. तीनशेच्या वर लहानमोठी राज्यं होती. कुठं राजा, कुठं बिशप, कुठं नुसतं शहर स्वतःला मोकळं समजून बसलेलं. प्रत्येकाचं नाणं वेगळं, माप वेगळं, जकात वेगळी. डोक्यावर एक सम्राट होता, पण त्याचं घरात चाललं तर चाललं. एखाद्या राजाचं सैन्य सहा शिपाई आणि एक ढोलकीवाला.

झुंबरबाई रेवडी चघळत ऐकत होती. "म्हंजे गल्लीगल्लीची भुलाबाई. लहानपणी आमच्या गल्लीतली पोरगी खालच्या गल्लीत गाणं म्हणायले गेली की त्या म्हणत, इथली चाल इथंच, टिपरी ठेव अन् जा. अन् त्या राजाचा ढोल फाटका असंन."

"ढोलाचं पुस्तकात नाही."

"मी टाकतो."

दुसऱ्या दिवशी फ्रान्समध्ये राजाचं मुंडकं गेलं. तिसऱ्या दिवशी फ्रेंच फौजा ऱ्हाइन नदीच्या काठी आल्या. ज्या राजांची नदीपलीकडची जमीन फ्रान्सनं घेतली, त्यांना भरपाई म्हणून बिशपांची राज्यं आणि शेजारची बारकी राज्यं वाटून दिली.

"दुसऱ्याची?"

"दुसऱ्याची."

"बिशपाले इचारलं?"

"आपल्या पणज्याला विचारलं होतं का? निजामानं वऱ्हाड इंग्रजाच्या हातात दिला तेव्हा?"

"माह्या पणज्याले तर पाटलीणबाई पण इचारत नव्हती," झुंबरबाई म्हणाली. वामनरावांना हसू आलं. शिकवताना आपण हसतो आहोत हे त्यांना कित्येक वर्षांत पहिल्यांदाच जाणवलं.

नेपोलियनचं मात्र त्यांना नीट सांगायचं होतं. त्यानं भिंती पाडल्या, कायदा सगळ्यांना सारखा केला, सम्राटाचं हजार वर्षांचं दुकान बंद केलं, आणि बव्हेरियासारख्या आज्ञाधारक मंडळींना बढती देऊन राजे केलं. त्याच्या हातून मार खाल्ला तेव्हा प्रशियाला जाग आली आणि त्यांनी आपल्या कुळांची वेठ स्वतःच मोडली. पण त्यानं चारा मागितला, भाकर मागितली, शेवटी पोरं मागितली. बव्हेरियाची तीस हजारांच्या वर पोरं रशियाच्या बर्फात गेली. परत आली ती एका जत्रेत मावतील एवढी.

झुंबरबाईनं रेवडी खाली ठेवली. ओसरीसमोर चिमण्या ज्वारीचे दाणे वेचत होत्या. मग ती हळूच म्हणाली, "त्या पोरांच्या आयांची बोली तर एकच होती ना, सर? राज्यं तीनशे असंनात का. रडणं तर एकाच बोलीत झालं असंन."

जाडजूड पुस्तकात हे वाक्य कुठंच नव्हतं. वामनरावांनी ते समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं, वाचनालयाचं पुस्तक आहे हे विसरून.

शेवटून दुसऱ्या दिवशी तिनं डबा ठेवला आणि म्हणाली, "आज खाऊ नंतर. आधी माहा जुना प्रश्न. ते राजे गेले कुठं?"

"कुठंच नाही गेले." वामनरावांचा आवाज खाली आला. "आपापल्या घरी बसले. राज्य गेलं, कर गेला, सैन्य गेलं. मान तेवढा राहिला. मोठ्या राजघराण्याशी सोयरीक करायचा हक्क राहिला. लोक त्यांना राजेसाहेब म्हणत राहिले, आणि ते 'हं' म्हणत राहिले."

"म्हंजे रिटायर झालेले सर."

दोघंही हसले. तिचं हसणं आधी थांबलं. "एवढं सोपं होतं, सर? मले वाटे, फार अवघड असंन काही. म्हणून तुमी बस खाली म्हटलं असंन."

आत पुष्पाबाईंच्या भांड्यांचा आवाज बंद झाला. "झुंबर," वामनराव म्हणाले.

"काय, सर?"

"उद्या व्हिएन्नाची परिषद घेऊ," वामनराव म्हणाले. "नकाशा आण."

ती गेल्यावर पुष्पाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. पेला ठेवताना म्हणाल्या, "मी त्या दिवशी याच घरात होते, नारायणराव आले तवा. तुमी विसरले असान. मी नाही." आणि बशी न ठेवताच आत गेल्या.

*

मेळावा रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात झाला. मंडप कय्यूमचा. सूर्य बॅनरवर होताच, वर खराही होता, आणि दोन्ही सूर्यांच्या मध्ये वामनराव शाल पांघरून घामाघूम बसले होते. राजकुमार चाळीस मिनिटं बोलला. सरांमुळे आपण घडलो, असं त्यानं सात वेळा सांगितलं. सातव्या वेळी कय्यूमनं त्याचा आवाज बारीक केला.

"हॅलो, हॅलो," राजकुमार माइकवर बोटं मारू लागला. "कय्यूम, काय झालं बे?"

"गरम झाला माइक. थंडा होऊ दे," कय्यूम म्हणाला. तेवढ्यात झुंबरबाई सात बायांना घेऊन मंचावर चढली. राजकुमार पुढं झाला. कय्यूमनं खालूनच सांगितलं, "अध्यक्षसाहेब, मंडप माझा हाये. बसा." माइक लगेच थंड झाला.

आठ जणींनी गोल धरला. टिपरीवर टिपरी पडली.

*ऱ्हाइन नदीच्या काठी बाई काय काय वसलं?*
*वावभर जागेत बाई राज्य एक बसलं.*
*त्या राज्याचं सैन्य बाई किती किती मोठं?*
*सहा शिपाई, एक ढोल, ढोलाले भोक मोठं.*

पहिल्या रांगेत खसखस पिकली. तिथून ती मागं गेली.

*राज्यामागं राज्य बाई, नाक्यामागं नाका,*
*सासरहून माहेराले नऊदा जकात टाका.*
*पलीकडून आला पाव्हणा, आडवी त्याची टोपी,*
*वेठ तुमची मोडतो म्हणे, जा सुखानं झोपी.*

आता बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग टिपऱ्या संथ झाल्या, आणि झुंबरबाईनं पुढची ओळ एकटीनं घेतली.

*वेठ मोडली, खरं बाई, भिंती पडल्या, खरं,*
*जाता जाता मागून नेली घराघरातली पोरं.*
*बर्फामंधी गेली पोरं, मागं नाही आली,*
*तीनशे घरच्या आयांची मंग एक ओवी झाली.*

लगेच टिपऱ्या पुन्हा जोरात आल्या.

*एकीनं टिपरी उचलली, दुसरीनं धरला ताल,*
*पाव्हण्याची टोपी गेली, पाव्हण्याचे हाल.*
*तीनशेमधले उरले किती? चाळीसाले एक उणा.*
*बाकीचे राजे घरी बसून म्हणत्यात, राजे म्हणा!*

शिट्ट्या वाजल्या. राजकुमारसुद्धा टाळ्या वाजवत होता, अध्यक्षाला शोभणार नाहीत इतक्या. "दहापैकी दहा!" कय्यूम ओरडला. "माझ्या मोज्यात पण एवढं नव्हतं!"

झुंबरबाईनं हात वर केला. तिला दम लागला होता. बाकीच्या बाया खाली उतरल्या. ती स्टीलचा डबा घेऊन वामनरावांसमोर आली आणि माइकमध्ये बोलू लागली.

"सर, एक बोलायचं होतं. त्या वर्षी सगळा वर्ग पास झाला. माह्याच्यानं तुमचा शंभर टक्के निकाल चुकला. बाबा मरेपर्यंत म्हणत, पोर कच्ची निघाली, सरांचं नाव गेलं. बाबा गेले तरी ते माह्या मनातून गेलं नाही." तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "मी कच्ची पडली, सर. आज चारचौघांत माफी मागतो."

पटांगण भरून टाळ्या झाल्या. राजकुमारनं डोळे पुसले. लोकांना हे फार आवडलं, नापास बाईनं माफी मागितली आणि तीही इतकी गोड.

झुंबरबाई उठली, डबा पुढं धरला, आणि हसत म्हणाली, "आता ओळखा. शेवटचा खाऊ."

वामनरावांनी डबा हातात घेतला. कानाशी नेला नाही, हलवला नाही. पहिल्या रांगेत पुष्पाबाई बसल्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. मागं बॅनरवरचा सूर्य वाऱ्यानं फडफडत होता, आणि वामनरावांना तो आपल्या टकलावर तापल्यासारखा वाटला. शाल त्यांनी काढून खुर्चीवर ठेवली.

"सर, गोड का खारट ते तरी इचारा," कय्यूम खालून म्हणाला.

वामनरावांनी माइक जवळ ओढला. चाळीस वर्षं ते पुस्तकी बोलत आले होते. आज तोंडात आली ती घरची बोली.

"झुंबर, तुह्या डब्यात काय हाये ते मले नाही सांगता येत. माह्या डब्यात काय हाये ते सांगतो. परिपत्रक आलं नव्हतं. बोर्डानं काहीच वगळलं नव्हतं. मले ती नावं घेता येत नव्हती, पोरं हसली, अन् तू इचारलं त्याचं उत्तर मले येत नव्हतं. म्हणून मी खोटं बोललो."

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. माइक बारीक शिटी मारत होता आणि कय्यूमला तो बंद करायचं सुचत नव्हतं. झुंबरबाईचे हात डबा दिला तसेच पुढं होते.

"अजून हाये," वामनराव म्हणाले. "जूनमध्ये तुहे बाबा माह्या दारात आले होते. ऑक्टोबरले बसवू का पोरीले, म्हणून इचारायले. हे तुले त्यांनी सांगितलं नसंन. त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं, माह्या शब्दासाठी टोपी काढून उभे होते. अन् मी त्यांना सांगितलं, पोर कच्ची हाये." त्यांनी डबा छातीशी धरला. "त्या वर्गात सगळ्यात हुशार तूच होती, झुंबर. हे मले त्या दिवशीही माहीत होतं."